कोणती कंबर दुखते?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सरांच्या ओपीडीत आम्ही फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनी होतो, तेव्हा त्यांची एक सवय आम्हाला फार जाचायची. कंबर धरून कोणी आत आलं की आम्ही आधी एक्स-रेचं पाकीट उघडून खिडकीकडे धरायचो. सर ते आमच्या हातातून काढून घ्यायचे, टेबलावर उपडं ठेवायचे आणि रुग्णाला म्हणायचे, "बसा. आता सांगा, कोणती कंबर दुखते?" रुग्ण गोंधळायचा. कंबर काय दोन-चार असतात? आम्ही तोंडावर रुमाल धरून हसायचो. त्या प्रश्नाचं मोल मला कळलं ते पुष्कळ वर्षांनी आणि पुष्कळ लांब, दक्षिण कोरियात. म्हणून सरांच्या नावाच्या या व्यासपीठावर मी आज कोरियाचं पारंपरिक वैद्यक आणि चिवट कंबरदुखी हा विषय घेतला आहे.

सुरुवात मात्र घरातूनच करते. माझ्या आजीला कधीमधी उसण भरायची. कळशी उचलताना कमरेत असं काही धरायचं की ती तिथेच ओणवी राहायची. मग गल्लीतल्या पायाळू मुलाला बोलावणं जायचं. पायाळू म्हणजे जन्मताना पायांकडून आलेला. त्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. मुलगा लाजत लाजत पाय लावायचा, आजी त्याच्या हातावर गूळ ठेवायची आणि चार दिवसांत पुन्हा कळशी उचलायची. आता मला माहीत आहे की अचानक धरलेली कंबर बहुतेकांची थोड्या दिवसांत आपोआपच सुटते. पाय लावा अथवा लावू नका. कोरियन माणूस अशा वेळी म्हणतो, "दाम अडकला." दाम म्हणजे कफ. त्यांच्या बोलीत कफ अडकतो, आपल्या बोलीत उसण भरते.

पण तीन महिने उलटून गेले तरी न जाणारी कंबरदुखी ही वेगळी जात. तिला पायाळू पुरत नाही आणि बहुतेकदा एमआरआयही पुरत नाही. 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख माणसांना कंबरदुखी होती, आणि 2050 पर्यंत हा आकडा 84 कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. यांतल्या बहुसंख्यांच्या बाबतीत 'दुखण्याचं मूळ हे बघा इथे' असं बोट ठेवून दाखवता येत नाही. मणक्यांची झीज तर न दुखणाऱ्यांच्या चित्रांतही दिसते.

मी स्वतः या जातीत सामील झाले ती दक्षिण कोरियातल्या सुवॉनला. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं तिथे होतो. पहिल्याच हिवाळ्यात इमारतीच्या पायरीवरच्या बर्फावरून मी घसरले. हाड शाबूत होतं, पण चार महिने झाले तरी दुखणं हटेना. दुसऱ्यांच्या कंबरा बऱ्या करणारी बाई सकाळी मोजे घालताना रडायची. शेवटी शेजारच्या आजीबाई, तिथल्या भाषेत हाल्मॉनी, मला हाताला धरून कोपऱ्यावरच्या हानुईवॉनमध्ये घेऊन गेल्या. हानुई म्हणजे कोरियन वैद्यक, हानुईवॉन म्हणजे त्याचा दवाखाना. बेकरीच्या वरचा मजला, दारात सपाता, आत पडद्यांनी वेगळ्या केलेल्या खाटांची रांग, आणि सगळीकडे कडवट, धुरकट वास.

वैद्यांनी माझी दोन्ही मनगटं तीन-तीन बोटांनी चाचपली. मग प्रश्न सुरू झाले. दुखणं रात्री जास्त की दिवसा? शेकल्यावर बरं वाटतं का? पावसाळी हवेत कंबर जड होते का? जेवण पचतं का? पाय गार पडतात का? हाल्मॉनी माझ्या मोडक्या कोरियनला टेकू देत होत्या. शेवटी वैद्यांनी विचारलं, "इथे दिवसभर बोलता कोणाशी?" मला उत्तर देता आलं नाही. कमरेचा आणि बोलण्याचा काय संबंध, असं तेव्हा वाटलं.

संबंध चारशे वर्षं जुना आहे, हे मला नंतर कळलं.

कोरियाच्या जोसॉन राजवटीत हॉ जुन नावाचे राजवैद्य होते. 1596 मध्ये राजा सॉन्जोने त्यांना वैद्यकाचा एक समग्र ग्रंथ रचायला सांगितलं. 1592 पासून जपानी आक्रमणाने देश होरपळत होता, गावं ओस पडली होती, पुस्तकं जळली होती. राजाची अट अशी की शरीर-मन सांभाळणं आधी आणि औषध नंतर यावं, हजार ग्रंथांतला पसारा आवरून नेमकं तेवढं घ्यावं, आणि देशात उगवणाऱ्या वनस्पतींची नावं आडगावातल्या माणसालाही समजतील अशी द्यावीत. काम सुरू झालं आणि 1597 मध्ये पुन्हा स्वारी आली. सोबतचे वैद्य पांगले. पुढे हॉ जुन यांनी ते एकट्याने रेटलं. 1608 मध्ये राजा वारला, तेव्हा राजाला वाचवू शकला नाही म्हणून राजवैद्याला हद्दपारी झाली. ग्रंथाचं काम त्यांनी हद्दपारीतही सोडलं नाही. 1610 मध्ये ग्रंथ पुरा झाला, 1613 मध्ये छापला गेला. पंचवीस खंडांचा हा 'दोंगुई बोगाम', म्हणजे पूर्वेकडच्या वैद्यकाचा अनमोल आरसा. 2009 मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिवारशात नोंद केली. विद्वानांची लिखापढी तेव्हा चिनी अक्षरांत चाले, हा ग्रंथही त्याच अक्षरांत आहे. पण औषधांच्या भागात वनस्पतींची लोकांच्या तोंडची नावं हांगुल लिपीत दिली आहेत. आडगावच्या माणसासाठी.

या ग्रंथात कंबरदुखीचे दहा प्रकार सांगितले आहेत. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा सर आठवले.

वृक्काची शक्ती खालावल्याने होणारी, सतत हळूहळू ठणकणारी कंबरदुखी पहिली. इथे वृक्क म्हणजे केवळ मूत्रपिंड नव्हे, माणसाच्या जन्मजात बळाचं कोठार. कंबर हे त्याचं घर मानलेलं. मग कफाची. मग अति खाण्यापिण्याची. लचकण्याची, म्हणजे ओझं उचलताना किंवा पडल्यावर होणारी. साकळलेल्या रक्ताची, जी दिवसा हलकी आणि रात्री भारी असते. वाऱ्याची, जी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे फिरते. थंडीची, जी शेकानं कमी होते आणि गारठ्यानं उसळते. ओलीची, जिच्यात कंबर दगडासारखी जड आणि बर्फासारखी गार होते. ओल आणि उष्णता एकत्र आल्याची, जी रोज तुपट-गोडधोड खाणाऱ्यांना होते. आणि दहावी, कोंडलेल्या प्राणशक्तीची. मनासारखं घडत नाही, उमेद खचते, आणि मग माणसाला फार वेळ उभं राहवत नाही, लांब चालवत नाही.

हे दहा प्रकार शरीरशास्त्र म्हणून वाचले तर आज टिकणार नाहीत. कमरेत ओल साठते, हे मी कोणत्याही विद्यार्थ्याला शिकवणार नाही. पण प्रश्नावली म्हणून वाचून पाहा. रात्री दुखतं का, हा प्रश्न आजही आम्ही पहिल्या पाचांत विचारतो, कारण रात्रीची सततची वेदना कधीकधी गंभीर आजाराची चाहूल असते. ओझं उचललं का, खाणं-वजन कसं आहे, दुखणं पायात उतरतं का, हेही विचारतो. आणि दहावा प्रकार? उमेद खचणं, एकटेपणा, कामावरची घुसमट यांनी तात्पुरती कंबरदुखी कायमची होते, हे आजचं संशोधन पुन्हा पुन्हा सांगतं. सुवॉनच्या त्या वैद्यांनी मला जे विचारलं, ते या दहाव्या कंबरेबद्दल होतं. दहाही उत्तरं चुकीची असतील. पण 'कंबर' नावाची एकच गोष्ट दुखत नाही, दुखणाऱ्या माणसागणिक ती वेगळी दुखते, हा प्रश्न बरोबर होता.

आता उपचारांकडे येते. मला पालथं झोपवलं. खाट खालून गरम होती. जमिनीखालून घर ऊबदार ठेवणारी ओंदोल ही कोरियन पद्धत, त्यामुळे तिथल्या म्हाताऱ्यांना ऊब पाठीला लागलेली हवी असते. गरम जमिनीवर पडून राहण्याला ते 'कंबर परतून घेणं' म्हणतात, तव्यावर परततात तसं. वैद्यांनी कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि एक गुडघ्यामागच्या खळीत अशा सुया टोचल्या. सुईला छिम म्हणतात. केसाहून थोडी जाड, एकदा वापरून टाकून द्यायची. गुडघ्यामागच्या त्या बिंदूचं नाव विजुंग. पाठ-कमरेचं दुखणं असलं की विजुंगला शोधा, अशी जुनी शिकवण आहे. टोचल्याचं फारसं कळलं नाही, पण नंतर आत काहीतरी जड, भरून आल्यासारखं वाटलं. शेजारच्या पडद्याआड हाल्मॉनींच्या पाठीवर त्तुम जळत होता, आणि त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "शिवॉनहादा!" या शब्दाचा अर्थ आहे गार वाटलं. पाठीवर निखारा, खाली तापलेली खाट, आणि म्हणे गार वाटलं. मी हसले आणि लगेच थांबले. दुखणं निवलं की आपणही म्हणतोच ना, जिवाला गार वाटलं?

त्तुम म्हणजे वाळलेल्या स्सुकच्या पानांचा कुटून केलेला मऊ कापूस, तो त्वचेवर किंवा त्वचेपासून थोडा वर जाळायचा. स्सुक ही आपल्या दवण्याच्या कुळातली वनस्पती. जोतिबाला दवणा वाहणाऱ्याला तो वास एकदम ओळखीचा वाटेल. कोरियाच्या आद्यकथेत अस्वलाने माणूस होण्यासाठी गुहेत बसून हेच स्सुक आणि लसूण खाल्ली. बुहांग म्हणजे पेला चिकटवून हवा ओढणं, आपल्याकडची तुंबडीच. काढ्यातली एक मुळी आहे उसुल. त्या शब्दाचा अर्थ बैलाचा गुडघा, कारण खोडाची गाठ तशी फुगीर असते. ती आपल्या आघाड्याची सख्खी बहीण, एकाच प्रजातीतली. गणपतीच्या पत्रीत आघाडा निवडताना त्याचं पेर नीट पाहा, बैलाचा गुडघा दिसेल.

सोलच्या ग्योंगदोंग बाजाराला लागून औषधी मुळ्या-सालींची पेठ आहे. तिथे एका दुकानदाराने मला दुछुंगची साल दाखवली. कंबरदुखीच्या काढ्यांत ती हमखास असते. त्याने साल मोडली आणि दोन्ही तुकडे सावकाश दूर केले. मधे चांदीसारखे पांढरे, चिवट तंतू ताणले गेले, तुटेनात. सालीत रबरासारखा चीक असतो, त्याचे ते तंतू. जुन्या वैद्यांनी हे पाहिलं आणि ठरवलं की जे स्वतः असं जोडून धरतं, ते कंबरेलाही धरून ठेवील. हा पुरावा नव्हे, हे मी जाणते. पण माणूस निसर्गाकडे किती निरखून बघत होता, हे त्या तंतूंत दिसतं.

आणि छुना, म्हणजे हातांनी ढकलणं-ओढणं. यात जुनी मर्दनविद्या आहे, तशी पाश्चात्त्य कायरोप्रॅक्टिकची उसनवारीही आहे. परंपरा उसनं घेत नाही, असं कोणी सांगितलं?

या वैद्यकाने अपमानही सोसला आहे. जपानी राजवटीत 1913 च्या नियमांनी या वैद्यांना 'उइसेंग' म्हणजे वैद्यकाचे विद्यार्थी ठरवलं. आयुष्यभर नाडी पाहिलेली माणसं एका कागदाने विद्यार्थी झाली. 1951 मध्ये, कोरियन युद्ध चालू असताना आणि सरकार बुसानला हललेलं असताना, त्यांना कायद्याने पुन्हा वैद्य म्हटलं गेलं. 1986 मध्ये 'हानुई' या नावातलं एक अक्षर बदललं. उच्चार 'हान'च राहिला, पण चीनचा 'हान' जाऊन कोरियाचा 'हान' आला. आज तिथे या शाखेची बारा महाविद्यालयं आहेत, सहा वर्षांचं शिक्षण आहे, परवाना वेगळा आहे. आधुनिक डॉक्टरांशी भांडणही आहे. कोरियन वैद्याने अल्ट्रासाउंड वापरावा की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर 2022 मध्ये निकाल वैद्याच्या बाजूने लागला. कोणी कोणतं यंत्र वापरायचं, कोणी शस्त्रक्रिया करायची, हे वाद आपल्यालाही नवे नाहीत.

मला सर्वांत विचार करायला लावतो तो तिथला आरोग्य विमा. 1987 पासून सुई, त्तुम, बुहांग राष्ट्रीय विम्यात आहेत. एप्रिल 2019 पासून छुनाही आला, पण दोन अटींसह. एका रुग्णाला वर्षातून वीस वेळाच, आणि एका वैद्याने दिवसात अठरा रुग्णांनाच. या अठरा आकड्याकडे बघा. हाताच्या उपचाराला वेळ लागतो हे सरकारने मान्य केलं, आणि वेळेच्या नावाखाली आपली तुंबडी भरणारे असतात हेही मान्य केलं. काढा मात्र बहुतेकांना स्वतःच्या खिशातूनच घ्यावा लागतो. एप्रिल 2024 मध्ये मणक्याची गादी सरकण्याच्या दुखण्यासाठी तो प्रायोगिक तत्त्वावर विम्यात घेतला गेला.

मग गुण येतो का? इथे गोड बोलून चालणार नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कोरियन चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या 130 रुग्णांना आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे खरी किंवा खोटी सुई दिली. खऱ्या सुईने त्रास खोट्या सुईपेक्षा जास्त कमी झाला. पण मोठं चित्र 2007 च्या जर्मन चाचणीत आहे. 1162 रुग्ण, तीन गट. एकाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या, तिसऱ्याला औषधं, फिजिओथेरपी आणि व्यायाम. सहा महिन्यांनी बरं वाटलेले अनुक्रमे 47.6, 44.2 आणि 27.4 टक्के. श्रोतेहो, त्या 27.4 मध्ये मी आहे. माझा सारा व्यवसाय आहे. आणि पहिल्या दोन आकड्यांत फरक जवळजवळ नाही, म्हणजे बिंदूंचा नकाशाही त्या आकड्यांत हरवला. अनेक चाचण्या एकत्र तोलणाऱ्या 2020 च्या कॉक्रेन आढाव्यातही हेच आहे. काहीच न करण्यापेक्षा सुई बरी, खोट्या सुईपेक्षा मात्र फारशी सरस नाही. ब्रिटनच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना कंबरदुखीला सुई नको म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर 2023 च्या सूचना व्यायाम, समज देणं, मसाज यांच्या जोडीने सुईलाही अटींसह जागा देतात.

सुई कुठेही टोचली तरी चालते, तर मग चालतं काय? माझं उत्तर असं: ठरलेल्या दिवशी कोणीतरी तुमची वाट पाहतं. अर्धा तास तुम्ही आडवे पडता. पाठीला ऊब लागते, हात लागतो. रात्री कशी गेली, हे विचारलं जातं, आणि हे पुन्हा पुन्हा, आठवडेच्या आठवडे. चिवट दुखण्यात शरीराची धोक्याची घंटाच हळवी होऊन बसलेली असते, साध्या हालचालीलाही ती वाजते. तिला शांत करायला भरवसा लागतो, आणि भरवसा एका भेटीत येत नाही. पायाळूच्या पायातही तोच भरवसा होता, फक्त एका दिवसापुरता. कोरियाने त्याला परवाना दिला, विमा दिला, मर्यादा घातली आणि चाचणीच्या तराजूतही बसवलं.

या पद्धतीचे दोषही सांगायला हवेत. खाटेवर पडून राहणारा रुग्ण स्वतः काही करत नाही. पुरावा मात्र सांगतो की कंबर चालण्याने, हलण्याने सुधारते. पडून मिळालेला आराम चालण्यासाठी वापरला नाही तर तो वाया गेला. मधमाशीचं विष टोचण्याचा प्रकार तिथे प्रचलित आहे. 2018 मध्ये कंबरदुखीसाठी ते घेतलेल्या एका रुग्णाचा तीव्र ॲलर्जीने मृत्यू झाला. काढ्यातल्या वनस्पतींचं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी जमत नाही असंही होतं. आणि कमरेबरोबर पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, बसण्याच्या जागी बधिरपणा आला असेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर सुई नको, काढा नको. सरळ रुग्णालय गाठा, त्याच दिवशी.

सुईला आपल्याकडे येण्याची वाटही महाराष्ट्रातून गेली आहे. 1938 मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस परतले नाहीत. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले आणि ॲक्युपंक्चर शिकून आले. आपल्या राज्यात आज त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. पण परदेशातून सुई आणली की वेळही आपोआप येतो, असं नाही. चार मिनिटांत टोचलेली सुई ही चार मिनिटांत लिहिलेल्या गोळीइतकीच गरीब असते.

सुवॉनला मी आठ आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यापासून वैद्य सुया काढल्यावर मला रस्त्याच्या टोकापर्यंत चालून यायला पाठवायचे, आणि हाल्मॉनी सोबत यायच्या. त्या स्वतः शेतात उकिडवं बसून कमरेतून वाकलेल्या होत्या, त्यांची कंबर आता सरळ होणार नव्हती. आम्ही दोघी हळूहळू चालायचो. त्या लसणीचे भाव सांगायच्या, मी अर्धं समजून मान हलवायची. माझी कंबर सुयांनी बरी झाली, ऊबेने झाली, की त्या रस्त्याच्या टोकापर्यंतच्या बोलण्याने, हे वेगळं काढता येणार नाही. जर्मनांनी प्रयत्न केला, त्यांनाही ते नीट जमलं नाही.

परत आल्यावर मी माझ्या दवाखान्यातली एक गोष्ट बदलली. रुग्ण आला की एमआरआयचं पाकीट मी घेते आणि टेबलावर उपडं ठेवते. माझ्या विद्यार्थिनी तोंडावर हात धरून हसतात. मग मी रुग्णाला म्हणते, "बसा. सांगा, कोणती कंबर दुखते?"